महादेव कोळ्यांचे आचार : जुन्नर–आंबेगांवकडील एक न लिहिलेलें दफ्तर

(१)

नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कोणते यज्ञ झाले, दक्षिणेंत किती गाई दिल्या आणि किती कार्षापण वांटले, याचा हिशेब त्या भिंतीवर सुमारें दोन हजार वर्षें उभा आहे. परंतु त्या लेण्यांतून बाहेर येऊन पठारावर चढलें, म्हणजे घाटघर, हातवीज, आंबोली आणि पुढें आंबेगांव तालुक्यांतील आहुपें व भीमाशंकराच्या अंगाच्या वाड्या लागतात. तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या महादेव कोळ्यांविषयीं त्यांनीं स्वतः लिहिलेला कागद शोधूं लागलें, तर हात रिकामाच परत येतो. सारा थकला किंवा बंड झालें, तेव्हां तेवढें त्यांचें नांव दफ्तरांत उमटतें. एरवींचे तीनशें साठ दिवस ते लोक कसे जगले, न्याय कसा करीत, कोणास भीत आणि कोणास भजत, याविषयीं कागद मुका आहे.

कागद मुका आहे म्हणून इतिहास नाहीं, असा निष्कर्ष आपण संग्राहक मंडळी नकळत काढतों. आम्हीही पुष्कळ वर्षें तोच काढीत होतों. प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच कीं, या लोकांचे आचार हेंच त्यांचें दफ्तर आहे, आणि पोथी वाचतांना जी सावधगिरी आपण बाळगतों तीच बाळगून तें वाचलें, तर आपल्या हातच्या कागदांचाही अर्थ पुष्कळ ठिकाणीं बदलतो, हें कांहीं उदाहरणांनीं दाखवावें.

(२)

प्रथम लिखित साधनांचा विचार करूं. या जमातीच्या चालीरीतींचें पहिलें विस्तृत वर्णन कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याचें आहे. तें मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीच्या कार्यवृत्तांत १८३६ च्या सुमारास आलें. १८८५ सालच्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांतील मजकूर बव्हंशीं त्यावरच आधारलेला आहे. पुढें १९५७ सालीं गो. स. घुर्ये यांनीं या जमातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यानंतर याच जमातींतले, जुन्नर तालुक्यांतले, डॉ. गोविंद गारे यांनीं आपल्या लोकांविषयीं आपल्या भाषेंत लिहिलें.

यांपैकीं मॅकिंटॉश कोण, हें विसरतां कामा नये. १८१८ नंतर गडकोट मोडले, घाटांच्या राखणीचीं कामें व त्यांबरोबरचे हक्क गेले, आणि त्यांतून कोळ्यांचीं जीं बंडें उठलीं, त्यांपैकीं १८२९–३० चें बंड मोडणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांत तो होता. ज्यानें बंड मोडलें त्यानेंच चालीरीति टिपून ठेविल्या. त्याची नजर बारीक आहे, व पुष्कळ ठिकाणीं न्यायाचीही आहे. तथापि ती पहाऱ्यावरच्या माणसाची नजर आहे. साक्षीदाराचें वर्तन विचारांत घेतल्यावांचून साक्ष घेऊं नये, हा नियम येथेंही लागू आहे.

दुसरी गोष्ट लिपीची. मॅकिंटॉशनें कोळ्यांचे शब्द रोमन अक्षरांत उतरले. त्या अक्षरांत ल आणि ळ, त आणि ट, द आणि ड यांचा भेद राहत नाहीं. म्हणून गॅझेटियरांतून एखादा शब्द मराठींत परत आणतांना तो डोंगरांतील माणसाच्या तोंडून एकदां ऐकणें अवश्य आहे. याचें उदाहरण पुढें येईलच.

तिसरी गोष्ट खास संग्राहकांसाठीं. मॅकिंटॉश व गॅझेटियर यांनीं महादेव कोळ्यांच्या चोवीस कुळी दिल्या आहेत. एका कुळींत सोयरीक होत नाहीं. त्यांत शेष, केदार, सागर अशीं नांवें आहेत, त्याचप्रमाणें पवार, कदम, चव्हाण, गायकवाड, दळवी, जगताप हींही आहेत. डोंगरपट्टींतील एखाद्या कागदावर नुसतें ‘पवार’ किंवा ‘कदम’ पाहून तो मराठ्यांच्या घरचा म्हणून नोंदविण्याची चूक त्यामुळें सहज होते. गांव, घाट आणि काम हीं तीनही पाहिल्याशिवाय अशा कागदाची जात ठरवूं नये.

(३)

आतां एक उदाहरण. सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोंगली जमाबंदीविरुद्ध जुन्नरकडील कोळी नाईक उठले. बंड मोडल्यावर धरलेल्या कोळ्यांस जुन्नर येथें आणून त्यांचीं डोकीं मारलीं, त्या मुंडक्यांची रास रचली आणि तिजवर चबुतरा बांधला. तोच ‘काळा चबुतरा’, असें मॅकिंटॉशच्या आधारें गॅझेटियर सांगतें. शिवनेरीवर आज ‘कोळी चौथरा’ म्हणून जी वास्तु दाखवितात, तिच्याशीं हीच कथा जोडलेली आहे, आणि डोंगरांतले लोक तेथें वंदनास येतात. विजेत्यानें दहशतीसाठीं उभारलेली वास्तु पराभूतांच्या वंशजांनीं आपलें तीर्थ करून टाकली, हा एक आचारच झाला. आणि तो कोणत्याही कागदांत नाहीं.

या बंडाच्या पुढाऱ्याचें नांव इंग्रजी लेखांत खेमी नाईक असें येतें. जुन्नरकडे तेंच खेमा रगतवान असें सांगतात. हा ‘रगतवान’ शब्द आम्ही बरीच वर्षें नुसतें आडनांव समजून वाचीत होतों. त्याचा उलगडा कोळ्यांच्या गोतरणींत होतो.

(४)

‘गोतरणी’ म्हणजे कोळ्यांची जातसभा. ‘गोत’ हा संस्कृत ‘गोत्र’ शब्दाचा अपभ्रंश उघडच आहे. देशावरील गोतसभा आपल्या परिचयाची आहे. तिच्या निवाड्यांचे महजर आपल्यापैकीं अनेकांच्या संग्रहीं आहेत. वतनाचा तंटा, हजर असलेले हकदार, त्यांच्या निशाण्या, नांगर, तराजू, कट्यार, हें सर्व त्या कागदांवर आपण कौतुकानें पाहतों. डोंगरांतील गोतरणीचा मात्र एकही महजर आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. कां, तें तिच्या अधिकाऱ्यांच्या नांवांतच सांपडतें.

मॅकिंटॉशनें गोतरणीचे सहा अधिकारी दिले आहेत : रगतवान, मेटाल, सबला, ढाल्या, हाडक्या व मडक्या. रगतवान हा सभेचा मुख्य, आणि मेटाल त्याचा दुय्यम. शेवटच्या तिघांचीं कामें पाहण्यासारखीं आहेत. जातीचा गुन्हा ज्याच्याकडून घडला त्याच्या दारावर ढाल्या झाडाची फांदी टांगी. तरीही तो माणूस हट्ट सोडीना, तर हाडक्या मेलेल्या गाईचें हाड आणून त्याच्या घरापुढें बांधी. मग त्या घराशीं अन्नपाणी बंद. पुढें तो शरण आला व त्यास जातींत घ्यावयाचें ठरलें, म्हणजे मडक्या त्याच्या घराची शुद्धि करवी, आणि घरांतील धान्य व मातीचीं भांडीं बाहेर काढून नेई.

हाडक्या हाडावरून आणि मडक्या मडक्यावरून, हें पोरसुद्धां सांगेल. ढाल्याविषयीं मात्र आम्ही अडलों होतों, कारण ढालीचा येथें संबंध नाहीं. मराठींत ‘ढाळी’ म्हणजे झाडाची लहान फांदी. रोमन लिपींत ल व ळ एकच, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मूळ शब्द ‘ढाळ्या’ असावा, आणि फांदी टांगणारा तो ढाळ्या, असें आमचें मत झालें आहे.

आतां महजराच्या प्रश्नाकडे वळूं. देशावरील गोताचा निवाडा कागदावर उतरला, म्हणून तो आपल्या पेटीपर्यंत आला. डोंगरांतील गोताचा हुकूम फांदीनें लिहिला जाई, तिची ताकीद हाडानें दिली जाई, आणि फारखती फुटक्या मडक्यांनीं होई. फांदी वाळून पडे, हाड सोडून टाकीत, मडकीं मातीस मिळत. दफ्तर होतें, परंतु तें प्रत्येक निवाड्याबरोबर संपत असे. उरलीं तीं अधिकाऱ्यांचीं नांवें. म्हणून हीं सहा नांवें आम्ही सहा कागदांच्या मोलाचीं समजतों.

याच प्रकाशांत खेमा रगतवान हें नांव पुन्हां पाहावें. मोंगलांच्या हिशेबीं तो बंडखोर. परंतु ‘रगतवान’ हें पद ज्याच्या किंवा ज्याच्या घराण्याच्या नांवीं आहे, तो आपल्या लोकांच्या न्यायसभेचा मुख्य ठरतो. जमाबंदीच्या विरोधांत उठलेला जमाव म्हणजे पुंडांची टोळी नसून एक बांधलेला समाज आपल्या सभापतीसह उठला होता, असा त्या घटनेचा अर्थ होऊं लागतो. एका पदनामानें इतका फरक पडतो.

या पद्धतीची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. घरापुढें हाड बांधलेल्या कुटुंबाची काय दैना होत असेल, ती कल्पनेनेंही सोसवत नाहीं. सामाजिक बहिष्कारास महाराष्ट्रांत २०१६ च्या अधिनियमानें बंदी झाली आहे, व ती योग्यच आहे. समजून घेणें निराळें व समर्थन करणें निराळें, एवढा विवेक इतिहासाच्या अभ्यासकास असला पाहिजे.

धर्मकृत्यांबाबतही एक नोंद लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पूर्वीं या लोकांचे विधि लिंगायत पंथाचे रावळ गोसावी चालवीत, व पुढें पेशवाईच्या काळांत तें काम ब्राह्मणांकडे आलें, असें गॅझेटियरांत नमूद आहे. जुन्या मठांतील अथवा रावळांच्या घरचीं बाडें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तीं या दृष्टीनें पुन्हां चाळावींत.

(५)

आश्विन वद्य द्वादशीस देशावर वसुबारस असते. संस्कृत ग्रंथांत तीच गोवत्सद्वादशी. त्या सायंकाळीं सवत्स गाईची पूजा करितात. त्याच तिथीस डोंगरांत वाघबारस करितात.

गांवोगांव तपशील बदलतो. साधारण प्रकार असा. गुराखी पोरें घरोघर हिंडून तांदूळ, गूळ, दूध गोळा करितात. गांवाच्या शिवेवर वाघोबाचें ठाणें असतें. तेथें वाघोबास शेंदूर लावून खीर शिजवितात व नैवेद्य दाखवितात. मग एक पोरगा वाघ होतो. बाकीचे त्यास आरडाओरड करीत शिवेपलीकडे पिटाळून लावितात, आणि या रानांत येऊं नको, आमचीं गुरें राख, असें त्यास बजावितात. शेवटीं सर्वजण एकत्र बसून खीर खातात.

येथें आमचा एक अपराध सांगणें प्राप्त आहे. आम्ही शिक्षक असतांना दिवाळीवरील निबंधांत एका डोंगरपट्टींतील विद्यार्थ्यानें पहिल्या दिवसाचें नांव ‘वाघबारस’ असें लिहिलें होतें. आम्ही तांबड्या शाईनें ‘वाघ’ खोडून ‘वसु’ केलें, आणि शुद्धलेखनाचा एक गुण कापला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं, पावसाळा सरतां सरतां, आहुप्याच्या वाटेवर शेंदूर फांसलेला वाघोबा प्रथम पाहिला, तेव्हां तो कापलेला गुण आठवला. पोथींतील पाठ अपरिचित दिसला कीं तो अशुद्ध ठरवून ‘सुधारणारा’ लेखक आपण सर्वजण निंद्य मानतों. आम्ही त्या दिवशीं तेंच केलें होतें.

तिथि एक, आणि एकीकडे गाय तर दुसरीकडे वाघ, यांत विरोध नाहीं. ज्याच्या गाई गोठ्यांत सुरक्षित आहेत तो गाईची पूजा करितो. ज्याच्या गाई रानांत चरतात तो प्रथम वाघाशीं बोलणें करितो. दोन्हींचा हेतु गोधन राखणें हाच आहे.

वाघोबाचें रूप कित्येक ठिकाणीं नुसत्या अनघड दगडाचें असतें. कोठें दगडावर किंवा लांकडी फळीवर वाघ कोरलेला, व वर चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य पाहिले म्हणजे आमच्या वाचकांस दानलेख व गधेगाळ आठवतील. ‘आचंद्रार्क’ म्हणजे चंद्रसूर्य असेतोंपर्यंत हें दान चालावें, अशी ती खूण. वाघोबाच्या माथ्यावरील चंद्रसूर्याचा अर्थही आम्ही तसाच करितों. तो दगड शिवेवर आहे, त्यावर एका पक्षाचें चित्र आहे, वर मुदतीची खूण आहे, आणि दुसरा पक्ष दर वर्षीं त्या तिथीस येऊन कराराची आठवण देतो. गांव आणि रान यांच्यामधील हा शीवनामाच होय, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

या शीवनाम्यास सध्यां निराळेंच महत्त्व आलें आहे. कोळ्यांच्या बोलण्यांत बिबट्याही वाघच. कालव्यांचें पाणी आल्यावर जुन्नर–आंबेगांवच्या पूर्वभागीं ऊंस वाढला, बिबट्या त्या उंसांत राहूं लागला, आणि त्यामुळें माणसांचे बळीही पडले आहेत. पकडलेल्या बिबट्यांसाठीं जुन्नरजवळ माणिकडोह येथें निवारा केंद्र चालवावें लागतें. ज्या गांवांत आज वाघाची भीति अधिक, तेथें वसुबारस माहीत आहे, वाघबारस नाहीं. आचारानें बिबट्या आवरेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण शेजारीं श्वापद आहे हें धरून दिनक्रम कसा आंखावा, याची पिढीजात समजूत त्या आचारांत साठविलेली आहे, हें खास.

(६)

इतर आचारांचा निर्देश संक्षेपानें करितों. भात, नाचणी, वरई हीं डोंगरांतील मुख्य पिकें. पेरणीपूर्वीं फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून जमीन भाजतात, त्यास राब म्हणतात. नवें धान्य देवास वाहिल्याखेरीज खात नाहींत. धान्याची देवता कणसरी. नांव ‘कणीस’ या शब्दावरून आलेलें. रानांतून हिरडा गोळा करून विकणें हा मोठा आधार असून, हा ‘हिरडा’ म्हणजे आयुर्वेदांतील हरीतकीच.

देवरायांविषयीं मात्र थोडें अधिक लिहिलें पाहिजे. आहुपें येथील देवराई प्रसिद्ध आहे. देवाचें म्हणून राखलेलें हें रान. त्यांतील काटकीही घरीं नेऊं नये, असा जुना दंडक. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील देवरायांचा शोध घेऊन त्यांचें महत्त्व विद्वानांपुढें मांडलें. आपल्या दृष्टीनें देवराई म्हणजे सनदेवांचून चालत आलेलें इनाम आहे. देवाच्या नांवें जमीन तोडून दिलेल्या सनदा आपण जपून ठेवितों. येथें सनद नाहीं, जमीन मात्र झाडांसह शिल्लक आहे.

(७)

हें दफ्तर नष्ट कसें होतें, तेंही सांगितलें पाहिजे. आंबेगांव तालुक्यास ज्या गांवाचें नांव मिळालें, तो जुना आंबेगांव घोड नदीवरील डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेला. नांव तालुक्यास उरलें, व कचेरी घोडेगांवास आहे. धरणाच्या पाण्यानें पूर्वेकडील शेतें भिजलीं हें खरें. पण पाणी चढलें तेव्हां शिवा बुडाल्या, आणि शिवेवरचे देव हलवावे लागले किंवा तेथेंच राहिले. पुढें ३० जुलै २०१४ च्या सकाळीं त्याच तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. घरांबरोबर देव्हाऱ्यांतले टाक, जात्यावरच्या ओव्या, आणि कोणत्या शिवेवर कोणता देव हें सांगणारीं म्हातारीं माणसें, हीं सर्व एका सकाळींत मातीखालीं गेलीं. अशा हानीची नोंद कोणत्याही यादींत होत नाहीं.

भूमि गेली म्हणजे आचार गेलाच, असें मात्र नाहीं. याचें एक दूरचें उदाहरण आमच्या वाचनांत आलें, तें येथें देतों. कॅरिबियन समुद्रांतील सेंट व्हिन्सेंट बेटावर आफ्रिकन व तेथील मूळ रहिवासी यांच्या मिश्रणांतून झालेली गरिफुना नांवाची जाति होती. इंग्रजांशीं झालेल्या युद्धांत ती हरली, आणि १७९७ सालीं इंग्रजांनीं तिला होंडुरासच्या किनाऱ्यानजीक रोआतान बेटावर नेऊन सोडलें. तिचाही कागदी इतिहास बव्हंशीं हद्दपार करणारांच्याच दफ्तरांत आहे. तथापि त्या लोकांनीं आपली भाषा, ढोलाचे ताल आणि पितरांना बोलावून जेवूं घालण्याचा विधि सोडला नाहीं. बेलीझ देशांत ते दर वर्षीं १९ नोव्हेंबरास होड्यांतून किनाऱ्यास लागण्याचा प्रसंग पुन्हां करून दाखवितात. म्हणजे आपला इतिहास ते दर वर्षीं एकदां अंगानें लिहितात. त्यांची भाषा, नृत्य व संगीत यांस २००१ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून गौरविलें. आपल्या डोंगरांतील पोरगा वाघ होऊन शिवेपलीकडे पळतो, तो प्रकार याच जातीचा आहे.

(८)

शेवटीं संग्राहक बंधूंस विनंति. डोंगरांत गेल्यावर शेंदरी दगड किंवा घरचा टाक मोल देऊन आणण्याचा मोह होतो. आम्ही तसें करूं नये असें म्हणतों, व तें केवळ नीतीसाठीं नव्हे. पोथी जागेवरून हलविली तरी तिचा मजकूर तिच्याबरोबर येतो. वाघोबा शिवेवरून हलविला म्हणजे पेटींत दगड येतो आणि मजकूर डोंगरांत राहतो.

आणावयाचें तें टिपण आणावें. कोणत्या गांवीं, कोणत्या तिथीस, कोणत्या शिवेवर, कोणी काय केलें व कोणत्या शब्दांत सांगितलें, हें त्यांच्याच उच्चारानें लिहावें. शब्द अशुद्ध वाटला तरी सुधारूं नये. एकाच आचाराचे चार गांवचे चार प्रकार मिळाले, तर चार प्रतींचे पाठभेद समजून चारही ठेवावे. आणि टिपणाची एक प्रत त्याच गांवच्या शाळेंत द्यावी. तेथें वाघबारस लिहिणारा कोणी मुलगा आजही असेल, आणि त्याच्या गुरुजींस ती प्रत उपयोगी पडेल.